बंदरावरचा एक दिवस आणि अंबरनाथची वाट

क्रूझच्या माहितीपत्रकात बाल्टिक समुद्राचा नकाशा मोठा देखणा असतो. कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन, रीगा, ग्दिन्या ही बंदरे एका रेघेत ओवलेली असतात आणि प्रत्येकापुढे एकेक तारीख छापलेली असते. सात-आठ दिवसांत इतकी शहरे पाहून होतील, असा हिशेब प्रवासी मनाशी बांधतो. घड्याळाचा हिशेब निराळा असतो. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागले आणि संध्याकाळी सहाला सुटणार असले, तरी उतरण्याची रांग, परतीची सुरक्षा तपासणी आणि सुटण्यापूर्वी तासभर आधी जहाजावर हजर असण्याची सक्ती वजा केली की हाती सहा-सात तास उरतात. त्यातून जाण्या-येण्याचा वेळ आणखी काढावा लागतो. बर्लिन पाहायला निघालेल्यांचे जहाज लागते वार्नेम्युंडे या बंदरात. तिथून बर्लिन सव्वादोनशे किलोमीटरहून दूर. जायला सुमारे तीन तास, यायला तीन तास आणि मधल्या वेळात पळापळ. टालिनमध्ये उलट परिस्थिती आहे. धक्क्यावरून पायी निघाले तर पंधरा-वीस मिनिटांत जुन्या तटबंदीच्या शहरात पोहोचता येते. 1997 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या त्या शहरात चौकातले औषधाचे दुकान पंधराव्या शतकापासून त्याच जागी चालू आहे. पण मोठी जहाजे एकाच दिवशी आली की त्या अरुंद गल्ल्यांत सगळे प्रवासी एकाच वेळी उतरतात, तेच चार मनोरे पाहतात, तेच फोटो काढतात आणि परततात.

इतक्या थोड्या वेळात शहर पाहून होत नाही, हे मान्य करूनच बंदरावरच्या दिवसाचा विचार सुरू करायला हवा. मग त्या वेळात काय होऊ शकते? माझे म्हणणे असे की एक दुवा धरता येतो. बंदर हे मुळात देवघेवीचे ठिकाण. जहाजातून काही उतरते आणि पाठच्या मुलखात जाते, त्या मुलखातून काही येते आणि समुद्रापार जाते. प्रवाशाने एखादी अशी देवघेव निवडावी, तिचा माग काढत धक्क्यापासून आत जावे, आणि बाकीचे शहर निःशंकपणे सोडून द्यावे. असा माग काढलेला दिवस दहा स्थळांच्या दिवसापेक्षा अधिक काही देऊन जातो. हे पटवायला युरोपातले उदाहरण पुरेसे होणार नाही, कारण तिथे पर्यटनाची सगळी सोय आयती असते. म्हणून ही कसोटी आपल्याच बंदरावर लावून पाहू. मुंबईत जहाजातून उतरलेल्या माणसाकडे एकच दिवस असेल तर त्याने कुठे जावे? माझे उत्तर आहे: मध्य रेल्वेची लोकल पकडून उल्हास नदीच्या खोऱ्यात, अंबरनाथ आणि उल्हासनगरला.

हे उत्तर विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. मुंबईला इंदिरा गोदीत नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झाले असून सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथे उतरणाऱ्यांना दाखवायची यादी ठरलेली आहे: गेटवे, मणिभवन, धोबीघाट, क्रॉफर्ड मार्केट, जमल्यास घारापुरी. यादी वाईट नाही. पण यातली बहुतेक ठिकाणे इंग्रजी अमदानीत उभी राहिलेली, समुद्राकडे तोंड करून असलेली मुंबई दाखवतात. या बंदराच्या पाठीशी काय आहे, त्याच्या आधी कोणती बंदरे होती, जहाजांनी या मुलखात काय आणून सोडले, याचा पत्ता त्यात लागत नाही. तो लागतो उल्हासच्या खोऱ्यात. बोरघाटाच्या परिसरात उगम पावून ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असे करत वसईच्या खाडीला मिळते. घाटावरून उतरलेला माल आणि समुद्रावरून आलेली माणसे यांची वाट शतकानुशतके याच खोऱ्यातून गेली. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि 1856 मध्ये खोपोलीपर्यंत गेले, तेही हीच जुनी वाट धरून. आज अंबरनाथ आणि बदलापूर ज्या मार्गावर आहेत तो मार्ग अशा रीतीने बंदरामागच्या वाटेचाच वारस आहे.

या वाटेचा सर्वांत जुना लेखी पुरावा एका जहाजी माणसाचाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशी-व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात कल्याणचा उल्लेख येतो तो तक्रारीच्या सुरात: पूर्वी हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते, पण राज्य बदलल्यावर इथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या धक्क्याला लागावे की नाही हा राजकारणाचा प्रश्न झाला होता, इतका हा व्यापार मोलाचा होता. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत, त्याही याच संपत्तीच्या खुणा. बंदरे बंद होतात, जहाजांचे मार्ग फिरतात, हे बाल्टिकच्या प्रवाशालाही ठाऊक आहे. सेंट पीटर्सबर्ग हे त्या सफरीतले मुख्य आकर्षण होते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ते बंदर आपल्या वेळापत्रकातून काढून टाकले.

आता अंबरनाथचे शिवमंदिर. स्टेशनच्या पूर्वेला रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडातले हे देऊळ उभे आहे. उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखात शके 982 म्हणजे इसवी सन 1060 हा काळ कोरलेला आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या कारकिर्दीत काम सुरू झाले आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या वेळी पुरे झाले, असे अभ्यासक मानतात. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. गाभाऱ्यात मात्र पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि तिथे वर पाहिले की शिखराच्या जागी मोकळे आकाश दिसते. भूमिज शैलीचे ते शिखर आज पूर्ण नाही, पण त्याच्या अंगावरून वर चढत गेलेल्या छोट्या शिखरांच्या ओळी आणि जाळीच्या नक्षीचे उभे पट्टे अजून ओळखू येतात. बाहेरच्या भिंती इतक्या कोपऱ्यांत मोडल्या आहेत की सूर्य सरकेल तशा सावल्या बदलतात आणि त्या कोपऱ्याकोपऱ्यांतून देव-देवता, सुरसुंदरी, हत्तींचे थर उठून दिसतात. नीट पाहायला तासभर लागतो, आणि बंदरावरच्या दिवसात तेवढाच तास मिळतो.

पण या देवळाचा बंदराशी संबंध काय? इतका खर्च करणाऱ्या राजांकडे पैसा कुठून आला, हा प्रश्न विचारला की संबंध दिसू लागतो. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती स्थानक, म्हणजे आजचे ठाणे. त्यांचे राज्य एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी. घाटावरच्या काळ्या मातीसारखा महसूल तिथे निघणे अवघड होते. त्यांची बंदरे मात्र भरभराटीत होती. मंदिरानंतर चौतीस वर्षांनी, शके 1016 मध्ये अनंतदेव शिलाहाराने दिलेला खारेपाटणचा ताम्रपट याची साक्ष देतो. भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम या दोघा अमात्यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांवरची जकात त्यात माफ केली आहे. जी जकात माफ करणे हा राजाने करायचा मोठा सन्मान ठरतो, ती जकात राज्याच्या तिजोरीतली मोठी बाब असली पाहिजे. ताम्रपटात अंबरनाथचे नाव नाही आणि देवळाच्या खर्चाची वही आपल्यापाशी नाही, म्हणून हे अनुमानच. तरी ते भक्कम आहे. दर्यावरच्या मिळकतीवर जगणाऱ्या राजघराण्याने आपले सर्वांत सुंदर देऊळ खाडीकाठी न बांधता नदीच्या खोऱ्यात आत बांधले. धक्क्यावर उभे राहून हे कळणार नाही. त्यासाठी अंबरनाथला यावे लागते.

दुसरा दुवा एक स्टेशन अलीकडे आहे. फाळणीनंतर सिंधमधून निघालेले हिंदू मोठ्या संख्येने कराचीला जहाजात बसले आणि मुंबई बंदरात उतरले. पंजाबच्या निर्वासितांचे चित्र आपल्या मनात आगगाड्यांचे आणि बैलगाड्यांच्या काफिल्यांचे आहे. सिंधी समाजाची फाळणी बऱ्याच अंशी समुद्रमार्गे घडली, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. या लोकांना मुंबईत सामावणे शक्य नव्हते, म्हणून दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकी त्यांच्यासाठी उघडल्या. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बराकींचे पाच कॅम्प होते आणि आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असेच सांगतात. घर, शेती, दुकान सारे मागे ठेवून आलेल्या या माणसांनी तेरा-चौदा चौरस किलोमीटरच्या जागेत देशातल्या नावाजलेल्या बाजारपेठांपैकी एक उभी केली. फर्निचर, कापड, तयार कपडे आणि पुढे जीन्सचा धंदा इथे फोफावला. जलदेवता झुलेलालची मंदिरे, चालिहाचे उपवास, सकाळच्या नाश्त्याची दाल पकवान आणि कोकी या गोष्टी सिंधू नदीच्या काठावरून जहाजाने आल्या आणि उल्हासच्या काठी रुजल्या. मुंबई बंदराने विसाव्या शतकात काय केले, याचे याहून जिवंत उत्तर दुसरीकडे मिळणे कठीण.

तिसरा दुवा थेट बाल्टिकलाच नेऊन भिडवतो. अंबरनाथमध्ये विमको नाका आहे. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, 1923 मध्ये स्थापन झालेली आणि स्वीडिश मॅच या बलाढ्य कंपनीची तेव्हाची इथली शाखा. त्या काळी भारतात काडेपेट्या बहुतांश परदेशातून येत. 1922 मध्ये सरकारने आयात काडेपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसवली. तयार माल धाडणे परवडेना, तेव्हा स्वीडनच्या कंपनीने कारखानेच इथे आणले. काड्यांसाठी लागणारे ॲस्पेनचे मऊ लाकूड सुरुवातीला समुद्रापारहून येई. म्हणजे जकातीच्या एका आकड्याने अंबरनाथला उद्योगनगरी होण्याच्या वाटेवर ढकलले. या कंपनीचा सूत्रधार होता ईवार क्रूगर. त्याने 1917 मध्ये स्वीडनमधले काडेपेटीचे कारखाने एका छत्राखाली आणले आणि मग देशोदेशीच्या सरकारांना कर्ज देऊन बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी मिळवली. पोलंड, एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, जर्मनी अशा जवळजवळ साऱ्या बाल्टिक किनाऱ्याला त्याने आपल्या व्यवहारात गुंतवले. एकट्या जर्मनीला साडेबारा कोटी डॉलरचे कर्ज देण्याचा करार त्याने 1929 मध्ये केला. 1932 मध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली आणि पाठोपाठ त्याच्या हिशेबांतली प्रचंड लबाडी उघडी पडली. स्टॉकहोममध्ये त्याने 1928 मध्ये उभारलेले मुख्यालय अजून आहे. ईवार तेंगबूम या वास्तुविशारदाची ती डौलदार इमारत राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि लोक तिला काडेपेट्यांचा महाल म्हणतात. अंबरनाथहून गेलेल्या प्रवाशाला स्टॉकहोममध्ये एकच दिवस मिळाला, तर त्याने त्या इमारतीसमोर जाऊन उभे राहावे असे मला मनापासून वाटते. आपल्या गावातल्या नाक्याचे नाव जिथल्या निर्णयांतून आले, ती ही जागा. उलट दिशेने, मुंबईत उतरलेल्या स्वीडिश प्रवाशालाही विमको नाका आपल्या देशाच्या इतिहासाचे एक अनोळखी पान वाटेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अंतराचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ साठ किलोमीटर. जहाज सुटायची धास्ती असलेला माणूस इतक्या दूर का जाईल? याचे उत्तर स्वीडनमध्येच आहे. स्टॉकहोमला येणारी अनेक मोठी जहाजे शहरात शिरतच नाहीत. ती न्यूनेसहाम्न या बंदरात थांबतात, आणि तिथून स्टॉकहोम साठेक किलोमीटर आहे. प्रवासी उपनगरी गाडीत बसून सुमारे तासाभरात शहर गाठतात आणि याला कोणी धाडस म्हणत नाही. अंबरनाथची फास्ट लोकल सव्वा तासाच्या आसपास घेते. नवे टर्मिनल आणि टर्मिनस यांच्यातले अंतर दोनेक किलोमीटरचे. साडेनऊला गाडी धरली तर अकराला देऊळ, साडेबारानंतर उल्हासनगर, दोनची परतीची लोकल आणि साडेतीनला पुन्हा टर्मिनस. पाचला जहाजावर हजर व्हायचे असेल तरी दीड तास हाताशी राहतो. हा दीड तास मात्र सोडू नये, कारण आपल्या आपण गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो या भागात राहणाऱ्यांकडूनच आधी येईल. बदलापूरहून सकाळी निघणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळवणे काय असते, ते रोज जाणारा माणूसच जाणतो. पण ती गर्दी एका दिशेने वाहते: सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी मुंबईहून. जहाजाचा प्रवासी सकाळी मुंबईहून बाहेर निघतो आणि दुपारी परततो. दोन्ही वेळा तो लोंढ्याच्या उलट जातो. नोकरदारांच्या जिवावर उठणारे वेळापत्रक या पाहुण्याला मात्र अनुकूल पडते. पावसाचेही तसेच. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. या मार्गावर पावसाळ्यात भरवसा ठेवू नये, हे खरेच. पण परदेशी क्रूझ जहाजांचा मुंबईचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यावर येतो, तेव्हा हा धोका बहुतांशी आपोआप टळतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परदेशी पाहुण्याला दाखवण्याजोगे तिथे काय आहे, असे विचारणारे लोक वालधुनीकडे बोट दाखवतील. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने ती नदी काळवंडली आहे, आणि हजार वर्षांचे देऊळ तिच्याच काठी उभे आहे. हा दोष झाकण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पण बंदराच्या देवघेवीची कथा सांगायची तर उद्योगांनी या खोऱ्याला काय दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही त्या कथेतच येते. बाल्टिकही त्याला अपवाद नाही. खतांच्या आणि सांडपाण्याच्या माऱ्याने त्या समुद्राच्या तळाशी मोठमोठे भाग प्राणवायूविना पडले आहेत, आणि किनाऱ्यावरचे देश 1974 च्या हेलसिंकी करारापासून त्यासाठी एकत्र झटत आहेत. पाहुण्यांना दाखवता यावे म्हणून वालधुनी साफ करावी, असे मी म्हणणार नाही. ती साफ व्हायला हवी ती तिच्या काठच्या माणसांसाठी.

शेवटचा आक्षेप असा की एका दुव्यामागे लागले तर बाकी सगळे हुकते. हुकतेच. मी सुचवलेल्या दिवसात बदलापूरलाही जागा नाही. तिथला उल्हासचा काठ आणि घाटाकडे जाणारी जुनी वाट यांना दुसरा सबंध दिवस हवा. पण सहा तासांत सगळे पाहण्याचा हट्ट धरला तरी हुकायचे ते हुकतेच, फक्त ते लक्षात येत नाही. एक प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला आपण काय सोडले हे नेमके ठाऊक असते, आणि पुन्हा येण्याचे कारणही त्याच्यापाशी असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. बाल्टिकला निघालेल्या मराठी कुटुंबांनी जाण्यापूर्वी प्रत्येक बंदरासाठी आपल्या गावाशी जोडलेला एक प्रश्न शोधावा. उल्हासनगरच्या माणसाला ग्दिन्यात उतरताच असा प्रश्न सापडेल. तिथे बंदरावरच्याच 1933 च्या जुन्या प्रवासी इमारतीत 2015 पासून स्थलांतराचे संग्रहालय आहे, आणि घर सोडून जहाजात बसलेल्या माणसांची ती कथा त्याला परकी वाटणार नाही. दुसरी गोष्ट या खोऱ्यातल्या नगरपालिका, महाविद्यालये आणि इतिहासप्रेमी मंडळांसाठी. मंदिराजवळ शिलाहारांच्या बंदरांचा नकाशा, उल्हासनगर स्टेशनवर कराची-मुंबई-कल्याण कॅम्प या प्रवासाची माहिती, विमको नाक्यावर काडेपेटीच्या कारखान्याचा चार ओळींचा फलक, आणि हे सगळे मराठी, सिंधी, हिंदी आणि इंग्रजीत. खर्च किरकोळ आहे. परदेशी पाहुणे किती येतील हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी रोज त्या फलकांसमोरून जाणारी मुले आपल्या गावाला समुद्राशी जोडणारी वाट शिकतील, आणि तेवढ्यासाठीही हे काम करण्यासारखे आहे.